मास्तरांची दाढी करणाऱ्या अण्णांना

अण्णा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. म्हणून तुमचं नाव कुठे घातलेलं नाही. बाबांच्या कबरीवरची माती अजून बसलेली नाही आणि मलाही गप्प बसवत नाही.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ऐन पावसाळा होता, आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. बेळगावच्या दवाखान्यात कसं नेलं, पैसे कुठून उभे केले, ते सगळं सोडून देते. आपली माणसं भेटायला आली, नाही असं नाही. एकाने खाटेपाशी उभं राहून एवढ्या मोठ्याने प्रार्थना केली की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला. जाताना त्यांनी बाबांचा फोटो काढला आणि चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकला. दाढीचे खुंट वाढलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, लाळ गळतेय, आणि खाली हात जोडलेली चित्रं. जन्मभर शाळेत धुवट सदऱ्यात गेलेला माणूस, अण्णा. आईने तो फोटो बघितला आणि दोन घास खाल्ले होते तेही टाकले. दुसरे एक पदाधिकारी आले. त्यांनी तब्येत विचारली आणि मग जिन्यात मला बाजूला घेऊन आमची वर्गणी थकल्याची आठवण करून दिली. दफनाच्या जागेचा प्रश्न आला तर अडचण नको, म्हणाले. बाबा तेव्हा जिवंत होते.

मग तुम्ही आलात. मोठी प्रार्थना नाही की काही नाही. पिशवीतून दाढीचा ब्रश, साबण, नवं ब्लेड आणि स्टीलची वाटी काढलीत. मला म्हणालात, ‘पोरी, थर्मासमधलं गरम पाणी दे की जरा.’ बाबांच्या छातीवर स्वतःचा टॉवेल पसरलात. उजवी बाजू लुळी पडलेली, गाल सैल झालेला. तो तुम्ही अंगठ्याने वर ताणून धरत होतात आणि ब्लेड अगदी हळू, केसांच्या ओघाने फिरवत होतात. ओठांच्या वाकड्या कोपऱ्यापाशी आलात तेव्हा तुमचा स्वतःचाच श्वास थांबला होता. मधेच विचारलंत, ‘मास्तर, मिशा ठेवायच्या न्हवं?’ गेल्या कित्येक दिवसांत बाबांना कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे आम्हालाच विचारत. बाबांनी डोळे मिटून उघडले. मिशा राहिल्या.

कानामागे राहिलेला फेस पुसून झाल्यावर तुम्ही प्रार्थना केलीत, तीही तुमच्या बैलहोंगलच्या अडखळत्या मराठीत. मी म्हटलं, अण्णा, कन्नडात केली तरी चालेल. तुम्ही म्हणालात, ‘देवाला कन्नड कळतंय गं, पण मास्तरांना मराठीत ऐकू दे.’ गेली कित्येक वर्षं या भागात भाषेवरून डोकी फुटताना बघितली आहेत. तुमचं ते वाक्य मी जपून ठेवलंय.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 3 रा अध्याय आपल्याकडे मंडळीच्या निवडणुकीच्या आधी हमखास वाचला जातो. मंडळीचा अध्यक्ष कसा असावा, त्याची मोठी यादी आहे तिथे. त्या यादीत शिकवता येणं सोडलं तर बाकी बहुतेक सगळं माणसाच्या वागण्याबद्दल आहे. दारू नको, मारकुटेपणा नको, पैशाची हाव नको, आल्यागेल्याचं स्वागत असावं, बाहेरच्या लोकांनी चांगलं म्हणावं. आणि ज्याला आपलं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार, असं तो सरळ विचारतो. आम्ही मात्र मत देतो ते माईक कुणाला चांगला पेलतो ते बघून. नाहीतर कुणाचा पणजोबा लंडन मिशनच्या काळातला आहे ते बघून. मिशनचं काम बेळगावात 1820 साली सुरू झालं, त्याला दोनशे वर्षं उलटून गेली. पणजोबांच्या पुण्याईवर अजून किती दिवस काढायचे?

तुमचं घर मी बघितलंय म्हणून हे लिहिते. डबा परत द्यायला आले होते त्या संध्याकाळी अक्कांचे गुडघे धरले होते आणि चुलीपाशी तुम्ही भाकऱ्या थापत होतात. 2004 पासून सुप्रीम कोर्टात लटकलेल्या सीमेसारखी तुमच्या भाकरीची कड, कुठे आत गेलेली, कुठे बाहेर आलेली. अक्का हसून हसून बेजार. तेवढ्यात थोरला आला. सकाळी त्याच्यावर काहीतरी ओरडला असाल तुम्ही. पिठाच्या हातांनीच, सून समोर, मी परकी समोर, तुम्ही त्याला म्हणालात, ‘सकाळी माझं चुकलं रे.’ तो नुसता ‘हं’ म्हणाला आणि ताट घेऊन बसला. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. म्हणजे हे तुमच्या घरात नेहमीचं असणार. आमच्याकडचे किती बाप आपल्या कर्त्या मुलाला असं म्हणतात? नवऱ्याने बायकोवर ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करावी, हे वचन प्रत्येक लग्नात वाचतात. जेवणाच्या पंगतीपर्यंत ते विसरलेलं असतं.

चांगुलपणा फक्त आपल्याच माणसांत असतो असंही मला म्हणायचं नाही. त्या रात्री भर पावसात ज्या रिक्षावाल्याने बाबांना पाठीवर घेऊन पायऱ्या चढवल्या तो मुसलमान होता. भाडं घ्यायलाही थांबला नाही. रात्रपाळीची नर्स कडक होती, पण जाताना आईच्या अंगावर स्वतःची शाल टाकून गेली. असली माणसं आहेत म्हणून जग चाललंय, असं बाबा नेहमी म्हणत. तेव्हा मला ते मास्तरी बोलणं वाटायचं.

बाबा गेले तेव्हा दाढी झालेली होती. पेटीत ठेवताना चेहरा त्यांचाच होता. शेवटपर्यंत एक दिवसाआड तुम्ही येत राहिलात, म्हणून. ग्रुपवरचा तो फोटो अजून तसाच आहे. काढायला सांगून झालं, निरोपाला उत्तर नाही. आता मी त्याखाली बाबांचा शाळेतला फोटो टाकलाय, हातात खडू असलेला.

आणखी एक. पुढच्या शनिवारी संध्याकाळी घरी बाबांच्या आठवणीची प्रार्थना आहे. संदेश तुम्हीच द्यायचा, असं आईने ठरवलंय. मला बोलता येत नाही, असं तुम्ही म्हणणार म्हणून मी आधीच अक्कांना विचारून घेतलंय. त्या ‘हो’ म्हणाल्यात. अक्कांना पायऱ्या चढायला नकोत म्हणून बैठक अंगणातच मांडतोय. येताना भाकऱ्या मात्र आणू नका.

तुमची,
मास्तरांची धाकटी