आईचा एको आणि तुझी रेघ

चि. मिनू,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, हे आधी लिहितो. मंगळवारी मुद्दामच सांगितलं नाही. बबीआत्याच्या पोटात राहिलं नाही, म्हणून आता सगळं लिहितो.

धंतोलीत तिचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. आई डाव्या कुशीवर, मी पडद्यासमोर. मशीनने हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याभोवती आपणच रेघ ओढली आणि आकडा दिला, ईएफ 41, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं 41 टक्के रक्तच बाहेर पडतं. तुझ्यामुळे मला कळतं, 55 च्या वर हवा. हातपाय गार पडले. डॉक्टरांनी रेघ पुसून एकेक बिंदू हाताने बसवला. कप्पा भरलेला असतानाचं माप 90 मिलीच राहिलं. आवळल्यानंतरचं 53 होतं, ते 40 झालं. ईएफ 56. बाहेरची भिंत तिथे नीट उमटलीच नव्हती, म्हणाले.

"माझी मुलगी अशी रेघ ओढणारा प्रोग्रामच बनवते," असं मी आत शिरतानाच अभिमानाने सांगितलं होतं. बाहेर पडताना एकच मनात, ती रेघ मिनूची तर नसेल?

तूच समजावलं होतंस की त्या कोनातून भिंत लहरींना समांतर पडते, म्हणून प्रतिध्वनी क्षीण येतो. मग दिसत नाही तिथे तुमचा प्रोग्राम काय करतो गं? थांबतो का?

काटोलकडच्या त्या शिवारात मी जमीन मोजायला गेलो, तिथे नाल्याने शेताचा धुरा वाहून नेला होता. हद्दीचा दगड सापडेना, ऊन मी म्हणत होतं. मी सरळ रेघ मारून नकाशा पुरा केला. शाईची रेघ, कोण शंका घेणार? ते दोघे भाऊ पुढे एकमेकांच्या दारात गेले नाहीत. तू आठ वर्षांची होतीस, माझी टोपी घालून साखळीचं टोक धरून उभी. टोपी नाकावर यायची, पण हात हलू द्यायची नाहीस.

भिंत दिसत नसेल तिथे रेघ तुटक काढा, डॉक्टरांना कळू द्या. स्टॅनफर्डवाल्यांनी 2020 मध्ये दहा हजारांवर चित्रफितींवर मशीन शिकवलं, त्यातल्या रेघाही जाणत्या माणसांनीच काढल्या होत्या ना? त्यांनाही कुठे भिंत दिसली नसेलच. तिथे त्यांनी काय केलं, ते विचार. पुन्हा शिकवायला लागलो, माफ कर. तुझं काम तुला जास्त कळतं. पण तुटक रेघेचं तेवढं बघ.

आई सकाळी कुरड्या घालायला गच्चीवर निघाली होती, अडवलं तर रुसली. तिला 41 चं सांगितलेलं नाही. फोनवर तुझ्याही तोंडून निघू देऊ नकोस.

तुझे,
बाबा