पोऱ्याच्या खुब्यातला स्क्रू

आई, आप्पा,

फोनवर आई रडायला लागते अन् आप्पा तुम्ही नुसतं "बरं बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून म्हटलं पोऱ्याच्या खुब्याच्या ऑपरेशनचं सगळं लिहूनच पाठवते.

पहिलं म्हणजे पोऱ्या पडलाबिडला नाही अन् दृष्टपण लागलेली नाही. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो ना, त्या गोळ्याच्या खाली वाढत्या वयात एक कच्चा थर असतो, ग्रोथ प्लेट म्हणतात, हाड तिथून वाढतं. या वयात पोरं भराभर वाढतात तेव्हा तो थर नाजूक होतो, त्यात वजन जास्त असलं की ताण येतो अन् उतरंडीतलं वरचं मडकं कलावं तसा गोळा हाडाच्या मानेवरून सरकतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त होतं म्हणे.

आई तू विचारत होतीस, दुखत होता गुडघा मग ऑपरेशन खुब्याचं कसं? अगं दोन्हीकडची नस एकच, खुबा बिघडला तरी दुखणं गुडघ्यात जाणवतं. पहिल्या दवाखान्यात पण गुडघ्याचाच एक्स-रे काढला, नॉर्मल आला, मलम देऊन घरी पाठवलं, अजून राग येतो मला. जळगावच्या डॉक्टरांनी फक्त झोपवून त्याचा गुडघा पोटाकडे वाकवला, तर मांडी आपोआप बाहेर वळली, तेव्हाच म्हणाले खुब्याचा एक्स-रे काढा. रिपोर्ट बघितल्यावर पाय जमिनीला टेकवूच दिला नाही, व्हीलचेअरवरून थेट अ‍ॅडमिट.

मांडीच्या बाजूला छोटासा छेद घेतला, सी-आर्म मशीनवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर, बघत बघत आधी तार घातली अन् तिच्यावरून पोकळ स्क्रू गोळ्यापर्यंत नेला, एकच. सरकलेला गोळा ओढून जागेवर आणला नाही, आप्पा तुम्ही म्हणाल काम अर्धवटच केलं, पण ते मुद्दाम. जोर लावला तर गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक नसा दुखावतात अन् हाड मरायला लागतं, ते याहून वाईट. स्क्रूनं पुढचं सरकणं थांबतं अन् ती प्लेट हळूहळू बंद होते. आपला पोऱ्या लंगडत का होईना चालत होता हे नशीब, ज्यांना पायच टेकवता येत नाही त्यांच्यात हा धोका कितीतरी जास्त असतो. पाय थोडा आखूड किंवा बाहेर वळलेला राहू शकतो, ते बघून आई तू परत रडू नकोस त्याच्यासमोर.

दिवाळीत त्याला तुमच्याकडे आणतोय, कुबड्या असतील. आप्पा, तो मालिशवाला अजिबात बोलवायचा नाही, गावातले कितीही म्हणोत. स्क्रू कधी काढणार हेही विचारू नका, बहुतेक वेळा काढतच नाहीत. आई, भरीत-भाकरी दे पोटभर पण शेवभाजीवरची तर्री अन् दुपारची भजी बंद, वजन उतरवायला सांगितलंय. ओट्याच्या पायऱ्या त्याला चढवू नका, खाट ओसरीतच टाका, अन् संडासात खुर्चीचं बघा काहीतरी.

अन् महत्त्वाचं, हे दुसऱ्या पायालाही होऊ शकतं. दुसरा गुडघा, मांडी, जांघ काहीही दुखतंय म्हणाला तर बाम चोळत बसू नका, त्याला चालवूही नका, रात्री दोन वाजता का असेना मला फोन करा, आम्ही गाडी घेऊन येतो.

तुमची लेक