घोटा ओढायचा नसतो

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या खानापूर तालुक्यात गावोगावी कबड्डीचे सामने भरतात. परवा असाच एक सामना पाहत होतो. चढाई करून परतणाऱ्या पोराचा पाय मातीत आत वळला आणि तो घोटा धरून खाली बसला. लगेच चौघे धावले. एकाने पाय मांडीवर घेतला, दुसऱ्याने अंगठ्याला धरून हिसका दिला, तिसरा मलम रगडू लागला. वर, "शीर सरकलीय, बसली की पळशील!" माईकवर गुणांचा पुकारा चालूच. दुसऱ्या दिवशी बेळगावात एक्स-रे काढला, तर बाहेरच्या घोट्याचं हाड मोडलेलं.

शीर वगैरे काही सरकत नाही. हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध ताणला जातो, कधी फाटतो. घोट्यात बहुधा बाहेरच्या बाजूचा. अशा वेळी पहिले दोन दिवस चोळणं, शेकणं नको, सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, वर क्रेप पट्टी आणि पाय उंचावर, एवढं पुरतं. (बर्फ कुठला आणायचा, असं विचारू नका. मैदानाबाहेर सोड्याची गाडी असतेच.) बर्फानं दुखणं कमी होतं, जखम लवकर भरत नाही. 1978 साली बर्फ-विश्रांतीचं सूत्र मांडणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच 2014 मध्ये तसं मान्य केलं.

चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा. गुडघ्यात 'कट' आवाज होऊन काही तासांत तो फुगला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. निखळलेला खांदा मैदानात कुणीही बसवू नये, तालमीतल्या वस्तादांनीसुद्धा.

माझा डावा घोटा आजही जिना उतरताना दगा देतो. कारण सूज उतरली की मी आठवड्यात पुन्हा मैदानात. एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम करावा लागतो, हे मला पंचविशीनंतर कळलं. तोवर तोच घोटा तीनदा मुरगळला होता.

मंडळांना एकच विनंती. ढालींवर हजारो रुपये जातात, त्यातून दोन क्रेप पट्ट्या आणि बर्फाचा डबा घ्या. आणि सामना सुरू होण्याआधी माईकवरून मराठीत आणि कन्नडमध्ये एवढं सांगा: कुणी पडला, तर त्याचा पाय ओढू नका.

आपला,
एक जुना कबड्डीपटू, खानापूर