सरकार बदललं की व्हिसाचं काय होतं?

संपादक साहेब,
अमेरिकेत सरकार बदललं की एच-वन-बी, म्हणजे तिथे नोकरीसाठी जाणाऱ्या कुशल लोकांचा व्हिसा, बंदच होणार नाहीतर एकदम मोकळा होणार असं लोक बोलतात, पण वर्षाला ६५,००० आणि तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० हा कोटा कायद्यातच आहे, राष्ट्राध्यक्षाच्या एका सहीने तो बदलत नाही. नियम मात्र पटकन फिरतात, ओबामांच्या काळात २०१५ला एच-फोरवर (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या काही जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळाली, ट्रम्प आल्यावर ती काढायचं ठरलं, मग २०२१ला बायडेन सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला आणि तोवर कित्येक बायकांचं करिअर नुसतं टांगणीला लागलं होतं हो! ग्रीन कार्डची प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा तर कोणीही आलं तरी तशीच राहिलीय, त्यावर सविस्तर छापा ना.
एक वाचक