पुण्यात येऊन सतत आजारी पडणाऱ्यांसाठी : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

महोदय, मी वाघोलीतल्या एका शाळेत पाचवीची वर्गशिक्षिका आहे. मूळची गुहागर तालुक्यातली. नवऱ्याला रांजणगावला नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्यात आलो. हे पत्र आमच्यासारख्या, बाहेरून इथे आलेल्या आणि आल्यापासून सारख्या आजारी असणाऱ्या माणसांबद्दल आहे. साथ आली की सरकार हलतं, रुग्ण मोजले जातात, बैठका होतात. पण जो माणूस वर्षातले चार-पाच महिने शिंकतो, खोकतो, रात्री उठून बसतो आणि सकाळी तसाच कामाला जातो, तो कुठल्याच साथीत बसत नाही. त्याची दखल आपल्या खात्याने घ्यावी, एवढ्यासाठी लिहिते आहे.

माझ्या वर्गातली बरीच मुलं दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेली आहेत. लातूर, हिंगोली, वाशीम, जळगाव, काही थेट बिहारमधून. कुणाचे वडील बांधकामावर आहेत, कुणाचे खराडीच्या आयटी कंपनीत. दिवाळीची सुट्टी संपली की गैरहजेरी सुरू होते ती होळीपर्यंत. चिठ्ठीवर 'सर्दी-ताप' लिहिलेलं असतं, पण विचारलं तर ताप बहुतेकदा नसतोच. सकाळी उठल्या उठल्या लागोपाठ शिंका, डोळे चोळून चोळून लाल, रात्री आडवं झालं की छातीत घरघर, आणि दुपारी तेच पोर मैदानात धावत असतं. साध्या सर्दीचं असं वेळापत्रक नसतं.

पालक सांगतात, "मॅडम, इथली हवा मानवत नाही हो त्याला." माझ्या सासूबाईही फोनवर हेच म्हणतात. त्यांचं मला काही वाटत नाही. पण औषध लिहून देणारे डॉक्टरही तेवढंच म्हणून चिठ्ठी हातात देतात, तेव्हा काळजी वाटते, कारण तपास तिथेच थांबतो. हवेतलं नेमकं काय, कोणत्या महिन्यात, आणि त्यावर उपाय काय, हे कुणी पुढे विचारत नाही.

परगावी गेलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्यांना चकवते. एखादा परागकण किंवा बुरशीचा कण शरीराला पहिल्यांदा भेटतो तेव्हा सहसा काहीच होत नाही. आतल्या आत त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होत राहतात, आणि पुढच्या एखाद्या हंगामात तोच कण नाकात गेला की नाक, डोळे, छाती सगळं एकदम बिनसतं. त्यामुळे नव्या गावातलं पहिलं वर्ष बरेचदा बरं जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्रास सुरू होतो. माणूस म्हणतो, इतके दिवस काही नव्हतं, म्हणजे हे हवेचं नसणार. मग तो पाण्याला, तेलाला, साबणाला दोष देत राहतो. जोडीला नव्या शाळेतले, नव्या पाळणाघरातले, नव्या कंपनी-बसमधले विषाणू असतातच. लहान मुलाला वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणं हे एरवीही सामान्य आहे. पण खरी सर्दी कोणती आणि ॲलर्जी कोणती हे वेगळं करणारं माणूस जवळपास नसेल, तर दोन्हींवर एकच औषध चालू राहतं.

आता पुण्याच्या हवेबद्दल. समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवरचं हे शहर. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा 30 अंशांच्या आसपास आणि पहाटे 10 च्या घरात. समुद्राकाठी वाढलेल्या माझ्यासारखीला एका दिवसातला एवढा फरक नवा होता. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उचलली जात नाही, तिच्याबरोबर धूळही खालीच राहते. आमच्या भागात ती धूळ भरपूर आहे: दगडखाणी, क्रशर, नगर रस्त्यावरून रात्रंदिवस जाणारे डंपर, मोकळ्या प्लॉटवर टाकलेला राडारोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सप्तपर्णी फुलते. तिच्या उग्र वासाने धाप वाढते असं दमा असलेली कितीतरी माणसं सांगतात, तरी रस्त्यांच्या कडेला आणि सोसायट्यांत ती रांगांनी लावलेली आहे. थंडी सरता सरता वावळ फुलतो, ज्याचे परागकण ॲलर्जीसाठी ओळखले जातात. पावसाळ्यात नव्या इमारतींच्या भिंतींना ओल येते, बुरशी धरते, गाद्यांमध्ये धूळकीड वाढते.

आणि गाजरगवत. भारतात या गवताची पहिली ठळक नोंद पुण्यातच झाली, 1955 च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानलं जातं. तिथून ते देशभर पसरलं. एक रोप हजारोंनी बिया टाकतं, पाऊस पडला की महिन्याभरात फुलावर येतं. त्याच्या परागकणांनी नाक-छाती धरते, आणि नुसत्या स्पर्शाने किंवा हवेतून उडणाऱ्या कणांनीही चेहरा, मान, हात यांवर असा इसब उठतो की वर्षानुवर्षं जात नाही. आमच्या शाळेच्या रस्त्याला दर पावसाळ्यात ठेकेदाराकडे कामाला असलेल्या बायका हे गवत उपटतात. उघड्या हातांनी, पदर नाकाला लावून, आणि तेही फुलं आल्यावर, म्हणजे बी पडून गेल्यावर. जिंतूरकडून आलेल्या एका बाईने मला तिचे कोपरापर्यंतचे हात दाखवले होते. कातडी जाड, काळी पडलेली, भेगा गेलेल्या. ती त्याला 'उष्णता' म्हणत होती आणि हळद लावत होती. तिला कामावर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा मिळाला असता, आणि गवत फुलण्याआधी काढलं गेलं असतं, तर हे टळलं असतं. हे काम स्थानिक संस्थांचं आहे हे मला माहीत आहे. पण त्यातून होणारा आजार आपल्या खात्याकडे येतो, म्हणून काम कधी आणि कसं व्हावं हे सांगण्याचा अधिकारही आपल्या खात्याचा आहे.

माझ्या मुलीबद्दल थोडं सांगते, कारण तिच्यासारखी मुलं मी रोज पाहते. तिचा खोकला सुरू झाला तेव्हा दर वेळी अँटिबायोटिकचा नवा कोर्स मिळत गेला. फुप्फुसात घरघर होती, जंतूचा पुरावा कधीच नव्हता. मग कुणीतरी एका खासगी प्रयोगशाळेचं 'ॲलर्जी पॅकेज' सुचवलं. रक्त दिलं आणि अनेक पानांचा तक्ता हातात आला. त्यात नारळ, मासे, अंडं, शेंगदाणे, केळं अशा नावांपुढे लाल खुणा. कोकणातल्या घरात नारळ आणि मासे बंद करायचे म्हणजे पोरीने खायचं काय? ती दोन्ही गोष्टी जन्मापासून खात आली होती, कधी अंगावर साधं पित्तही उठलं नव्हतं. पुढे एका बालरोगतज्ज्ञांनी तो कागद बाजूला ठेवून आम्हाला बसवून घेतलं आणि त्रास कधी होतो, कुठे होतो, घरात कुणाला दमा आहे का, असं सगळं विचारलं. रक्तातला आकडा वाढलेला असणं आणि त्या पदार्थाने प्रत्यक्ष आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळलं. तिला बालदमा होता. श्वासातून औषध ओढायचा पंप (इनहेलर) त्याला स्पेसर नावाची नळी लावून सुरू झाला, नाकाचा स्प्रे सुरू झाला, आणि आता ती शाळेच्या कबड्डी संघात आहे.

त्या तक्त्यापायी माझ्या वर्गातल्या मुलांची दूध आणि अंडी बंद झालेली मी पाहिली आहेत, महोदय. आधीच किरकोळ अंगकाठीची मुलं. कुठल्याही तक्रारीविना, सरसकट पन्नास-शंभर पदार्थांची तपासणी विकण्यावर आपण काही बंधन आणू शकाल का? निदान अशा अहवालावर, आजाराचा इतिहास ऐकून घेतलेल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय आहार बदलू नये, एवढं मराठीत ठळक छापायला लावू शकाल का?

पंपाची भीती हा तर वेगळाच डोंगर आहे. "एकदा लागला की सुटत नाही," "मुलीचं पुढे लग्न ठरवताना अडचण येईल," हे मी पालकसभेत ऐकते. म्हणून लोक गोळ्या घेतात, 'ताकदीचं' इंजेक्शन घेतात, मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब आणून आठवडेच्या आठवडे घालतात आणि नाक आणखी चोंदवून घेतात. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं. गोळीतलं मिलिग्रॅममध्ये असतं आणि सगळ्या शरीरभर फिरतं. हा फरक कुणी समजावत नाही. जगात दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक एकट्या भारतात होतात, आणि रुग्णांचा वाटा मात्र 13 टक्क्यांच्या आसपास आहे. इतकी माणसं जातात याचं एक मोठं कारण हेच, की रोज घ्यायचं पंपातलं औषध लोकांपर्यंत पोहोचत नाही.

औषध महाग आहे म्हणावं, तर बुडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल ही दोन्ही पंपातली औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ते दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. दम्याचा रुग्ण दाखलच होऊ नये म्हणून लागणारा महिन्याचा पंप त्यात बसत नाही. बांधकामावरच्या बापाला तो खर्च जड जातो, मग पोरगं बरं दिसलं की पंप थांबतो, आणि पुढच्या थंडीत पुन्हा सुरुवातीपासून. हे पंप आणि स्पेसर 'आपला दवाखाना' या सरकारी दवाखान्यांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बारा महिने, खंड न पडता, मोफत मिळावेत ही माझी पहिली आणि सगळ्यांत कळकळीची मागणी आहे. बाकी काही झालं नाही तरी चालेल, हे व्हावं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, हे आशाताईंना पाठ आहे आणि ते अगदी योग्य आहे. पण तपासणीत क्षय निघाला नाही की तो माणूस सुटा होतो. "टीबी नाही, काळजी करू नका," एवढं ऐकून घरी जातो आणि खोकतच राहतो. क्षयरोगासाठी उभी केलेली ही वाट इथून पुढे नेता येईल. निकाल निगेटिव्ह आला की दुसरा प्रश्न दम्याचा आणि ॲलर्जीचा विचारला जावा. त्यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. फुंकर किती जोरात मारता येते ते दाखवणारं पीक फ्लो मीटर हातात मावेल एवढं असतं. ते प्रत्येक दवाखान्यात असावं, वापरायला शिकवलेली एक परिचारिका असावी, आणि आठवड्यातून एक दुपार श्वसनाच्या तक्रारींसाठी राखलेली असावी. आमच्याकडून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जायचं म्हणजे बस, रांग आणि बुडालेली हजेरी. रोजंदारीवरचा माणूस ते दोनदा करत नाही.

पुण्याला माहितीची टंचाई नाही. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, तिची 'सफर' यंत्रणा 2013 पासून या शहराच्या हवेतली धूळ आणि वायू मोजून पुढच्या दिवसांचा अंदाजही देते. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था इथेच आहे, तिचं मूळ 1952 चं. त्या धुळीच्या आकड्यांशेजारी परागकणांचा आणि बुरशीच्या कणांचा आकडाही रोज मराठीत दिसावा, अशी सोय आपल्या पुढाकाराने होऊ शकेल. चंडीगडमध्ये पीजीआय ही वैद्यकीय संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांनी मिळून शहराची परागकण दिनदर्शिका तयार केली. कोणत्या महिन्यात काय फुलतं हे शाळेच्या फलकावर लावता आलं, तर मी माझ्या वर्गाच्या खिडक्या केव्हा बंद ठेवायच्या, खेळाचा तास सकाळी घ्यायचा की दुपारी, हे ठरवू शकेन.

पाण्याचा विषय खरं तर वेगळ्या पत्राचा आहे, पण टाळता येत नाही. 2025 च्या सुरुवातीला, मुख्यतः सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात, हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे दोनशेहून अधिक रुग्ण निघाले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. नव्याने शहरात आलेला माणूस बहुधा अशाच काठावरच्या भागात घर घेतो, जिथे इमारत आधी येते आणि नळ मागून. वाघोली 2021 मध्ये महापालिकेत आली, आमच्या कित्येक सोसायट्या अजून टँकरवर आहेत. जुलाब-उलट्यांनी खंगलेल्या पोराला पुढची सर्दीही जास्त दिवस धरून बसते. टँकरच्या पाण्याची तपासणी आणि तिचा निकाल सोसायटीच्या फाटकावर लावणं आपल्या आदेशाने सक्तीचं होऊ शकेल.

शाळांसाठी शेवटचं. दम्याचा झटका आलेल्या मुलाला काय द्यायचं, हे बहुतेक शिक्षकांना कुणी शिकवलेलं नाही. मागच्या थंडीत एका मुलीचे ओठ निळसर पडले होते. तिचा पंप दप्तरात होता, पण 'शाळेत औषध द्यायचं नाही' म्हणून कुणी हात लावायला धजत नव्हतं. मी तो स्पेसरला लावून दिला, कारण घरी मुलीला देत आले होते. ज्या शाळेत असं कुणी नसेल तिथे काय होईल? शालेय शिक्षण विभागाबरोबर एक परिपत्रक काढून शिक्षकांना हा अधिकार आणि एका दिवसाचं प्रशिक्षण द्या. आमच्या शाळेत ते ठेवायचं झालं तर वर्ग, फळा आणि आसपासच्या शाळांतले शिक्षक गोळा करण्याची जबाबदारी मी घेते. दिवाळीच्या सुट्टीआधी झालं तर या थंडीत उपयोग होईल.

आपली नम्र,
एक वर्गशिक्षिका
वाघोली, पुणे