हंगामी वसतिगृहांना दसऱ्याआधी मंजुरी द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. दिवाळी सरली की आमच्या गावातले कोयते ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मागची पोरं त्या हिशेबात धरलेली नसतात.

मागच्या हंगामात चौथीतल्या एका मुलीनं जाताना चिंचोक्यांची पिशवी मैत्रिणीच्या हातात दिली. "पट्टा पडंस्तोवर सांभाळ." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. मैत्रिणीनं पंधरा दिवस शेजारच्या बसकरावर कुणाला बसू दिलं नाही. मग दिलं. नऊ वर्षांच्या पोरीनं पाच महिने वाट तरी कशी पाहावी? गेलेली मुलगी चैत्रात परतली तेव्हा जोड्या बदलल्या होत्या, खेळही बदलले होते. ती भिंतीकडेला बसून राहायची. तिचा राहिलेला भागाकार मी महिन्याभरात करून घेतला. मैत्रीण मला मिळवून देता आली नाही.

मोठ्या मुलींचं तर विचारूच नका. पहाटे आई-बाप उसाच्या फडात गेले की कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, चूल आणि तान्हं भावंड तिच्या गळ्यात. टोळी कर्नाटकात गेली तर जवळची शाळा बहुधा कानडी. तेराव्या-चौदाव्या वर्षी स्थळं येऊ लागतात, आणि 'मला नको' हे बोलायला बरोबरीचं कुणी नसतं.

शासनानं काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. त्याआधीपासून हंगामी वसतिगृहं आहेत आणि मला तीच जास्त मोलाची वाटतात, कारण त्यात मूल गावातच, आपल्याच वर्गात, आपल्याच सवंगड्यांत राहतं. पण आमच्याकडे मंजुरीचा कागद आला तेव्हा गाड्या जाऊन महिना झाला होता. मूल आजीजवळ ठेवायचं की न्यायचं, हे घरोघरी दसऱ्याच्या सुमारास ठरतं. मंजुरी त्याआधी हातात पडली तर आम्ही दारोदार जाऊन मुलं थांबवू. आणि तालुक्याच्या वसतिगृहात प्रवेश देताना एका गावच्या, एका वर्गाच्या मुली एकाच खोलीत ठेवा.

यंदा मी शनिवारी मधल्या सुट्टीत फडावर फोन लावून देते. पहिल्यांदा त्या दोघी मैत्रिणी बराच वेळ गप्पच होत्या. मग तिकडून आवाज आला, "माझे चिंचोके हायत का?"

"हायत."

आपली,
एक शिक्षिका