शाळेच्या फुटबॉल कोचकडे कोण पाहतं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या पेपरात शालेय फुटबॉलच्या बातम्या येतात, अमुक शाळा ३-० ने विजयी, सुब्रोतो कप या शाळांच्या स्पर्धेसाठी पुढच्या फेरीत, आणि खाली टीमचा फोटो. त्या फोटोत एका कडेला ट्रॅकसूट घातलेला एक माणूस उभा असतो, पीटीचे सर. तो माणूस मी आहे, नागपुरातल्या एका शाळेत १२ वर्षांपासून. पोट्टे हरले की सगळे पोट्ट्यांबद्दल बोलतात, स्टॅमिना नाही, मोबाइलनं वाया गेले वगैरे, पण त्यांना रोज दीड तास जो शिकवतो तो स्वतः काही शिकून राहिला का, हे कोणी विचारत नाही.

बी.पी.एड.ला, म्हणजे पीटी शिक्षकाच्या कोर्सला असताना आमचे लेसन पाहायला मॅडम ग्राउंडच्या कडेला खुर्ची टाकून बसायच्या. शिट्टी कुठे चुकली, मुलं किती वेळ नुसती उभी होती, सूर्य मुलांच्या डोळ्यावर येत होता का, सगळं लाल पेननं लेसनच्या वहीत लिहायच्या. राग यायचा तेव्हा. नंतर नोकरी लागली आणि माझी प्रॅक्टिस बघायला कोणीच आलं नाही, एकदाही नाही. मुख्याध्यापक रिझल्ट विचारतात, पालक खेळाचे ग्रेस मार्क विचारतात. मग मी काय केलं, तर माझ्या सरांनी मला जसं शिकवलं होतं तसंच शिकवलं. आधी ग्राउंडला सहा राउंड, मग लाइन लावून एकेकानं पास, मग लाइन लावून एकेकानं शूट, शेवटची २० मिनिटं मॅच, आणि चुकलं की अजून दोन राउंड.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी, आता इंजिनीअरिंगला आहे, पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून घरी बसून कंटाळला आणि संध्याकाळी ग्राउंडवर येऊन लिंबाखाली बसायला लागला. त्याला काहीतरी काम द्यायचं म्हणून मी म्हटलं, त्या नववीतल्या बारक्याकडे बघ आणि एका तासात त्याच्या पायाला बॉल किती वेळा लागतो ते मोज. तास संपल्यावर त्यानं सांगितलं, "सर, २३." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो म्हणाला नाही सर, २३, बाकी वेळ तो लाइनीत उभा होता नाही तर पळत होता. २२ मुलं, चार बॉल आणि माझ्या दोन लांब लाइनी, दुसरं काय होणार! १२ वर्षांतले १० वर्ष मी पोरांना फुटबॉल शिकवतो असं समजत होतो आणि ते रांगेत उभं राहायला शिकत होते. त्या रात्री मला झोप नाही लागली.

दुसऱ्या आठवड्यापासून लाइनी बंद केल्या. चार-चारच्या टीम, छोटं ग्राउंड, गोलपोस्ट म्हणून विटा आणि दप्तरं. राउंड बंद, कारण चारास चार खेळलं की पोट्टे आपोआप इतके पळतात की वेगळं पळवायची गरजच राहत नाही. त्याच मुलानं परत मोजलं तर आकडा शंभराच्या वर गेला. यात नवीन काहीच नाही, जगभर लहान मुलांना असंच शिकवतात, पण मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मी पण कोणाला विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. आठवीतला एक मुलगा, एका वर्षात भराभर उंच झालेला, सारखा म्हणायचा, "सर, गुडघा दुखून राहिला." मी म्हणायचो नाटकं नको करू. एक दिवस त्याची आई डॉक्टरची चिठ्ठी घेऊन शाळेत आली आणि एवढंच म्हणाली, "सर, माझं पोरगं खोटं नाही बोलत." चिठ्ठीवर ऑसगुड-श्लॅटर लिहिलं होतं. वाढीच्या वयात हाडं भराभर वाढतात, आणि गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायूबंध नडगीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो तो भाग अजून कच्चा असतो, पळण्या-उड्या मारण्यानं तिथे सारखा ताण बसून सूज येते, टेंगूळ येतं. वाढ थांबली की बहुतेक वेळा आपोआप बरं होतं, पण तोपर्यंत पळणं-उड्या कमी कराव्या लागतात, आणि मी त्याला शिक्षा म्हणून राउंड मारायला लावत होतो. सगळ्या टीमसमोर मी त्याची माफी मागितली. नंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं की फिफानं ११ प्लस नावाचा वॉर्मअप बनवलेला आहे, साधारण २० मिनिटांचा, एका बॉलशिवाय काही लागत नाही, फुकट मिळतो, आणि तो नियमानं करणाऱ्या टीममध्ये दुखापती कमी होतात हे अभ्यासांत दिसलेलं आहे. आता आमची प्रॅक्टिस त्यानंच सुरू होते.

पाण्याचंही तसंच. मध्ये पाणी प्यायलं की पोटात दुखतं हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, मी पण तेच सांगायचो, आणि तेही नागपुरात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. आता ग्राउंडवर कॅन ठेवलेली असते, दर १५ मिनिटांनी थांबायचं, आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत सगळे घरी.

गोल किकचा नियम तर मला नववीच्या पोरीनं शिकवला. मी शिट्टी मारून सांगत होतो की बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर गेल्याशिवाय आपल्या खेळाडूनं शिवायचा नाही, ती म्हणाली सर तो नियम २०१९ मध्येच बदलला, किक मारून बॉल हलला की आत पण घेता येतो. ती बरोबर होती. तेव्हापासून दर सीझनला नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचतो.

भारतीय फुटबॉल टीमचे जुने कोच सय्यद अब्दुल रहीम साहेबांचं नाव आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. १९५१ आणि १९६२ च्या एशियन गेम्सचं गोल्ड, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर, सगळं त्यांच्या कोचिंगमध्ये. पण ते हैदराबादच्या शाळांमध्ये मास्तर होते हे आमच्या पीटीच्या लोकांनाही माहीत नसतं. मास्तर असतानाच त्यांनी शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला. शाळेतला माणूस शिकत राहिला तर कुठपर्यंत जाऊ शकतो, याचं एवढं मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. आणि आपल्या नागपूरचे विजय बारसे सर, हिस्लॉप कॉलेजचे, पावसात झोपडपट्टीतली मुलं तुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली आणि तिथून २००१ मध्ये त्यांचं स्लम सॉकरचं, म्हणजे झोपडपट्टीतल्या मुलांच्या फुटबॉलचं, काम सुरू झालं. तेही थांबून बघण्यातूनच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आम्हा शाळेच्या कोच लोकांना कोणीतरी बघायला पाहिजे. इन्स्पेक्शन नको, कागदं भरायची अजून एक भानगड नको. महिन्यातून एक शनिवार दुसऱ्या शाळेच्या सरांच्या किंवा मॅडमच्या प्रॅक्टिसला जाऊन बसायचं, लिहून घ्यायचं, चहा पिता पिता सांगायचं, एवढंच. नागपूरजवळच्या कामठीत तर पिढ्यान् पिढ्या फुटबॉल आहे, तिथल्या जुन्या खेळाडूंना बोलावलं तर ते आनंदानं येतील असं मला वाटतं. शाळांनी ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या कोचिंगच्या डी लायसन्स कोर्ससाठी सरांना ड्युटी लीव्ह द्यावी, जमलं तर अर्धी फी भरावी, किटवर जितका खर्च होतो त्या मानानं ते काहीच नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला विनंती आहे की स्पर्धेआधी कोचची जी मीटिंग होते त्यात ड्रॉ काढून झाला की अर्धा तास बदललेल्या नियमांवर आणि दुखापतींवर बोलावं, सगळे तिथे जमलेलेच असतात.

आणि संपादक साहेब, आपल्याला एक विनंती. विजेत्या टीमच्या फोटोसोबत कधीतरी एखाद्या पहिल्याच मॅचला हरलेल्या शाळेच्या कोचला पण विचारा की यावर्षी तुम्ही काय नवीन शिकलात.

सुरुवात माझ्यापासून करतो. हे पत्र आपण छापलं तर आमच्या पीटी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकीन आणि सोबत आमच्या ग्राउंडचा पत्ता. येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला प्रॅक्टिस आहे, ज्यांना यायचं त्यांनी वही-पेन घेऊन यावं, लाल असला तर उत्तम. लिंबाखाली खुर्च्या टाकून ठेवतो.

आपला,
एक क्रीडा शिक्षक, नागपूर